डॅपी, एफआयटीसी आणि अ‍ॅलेक्सा ६४७ एकाच स्लाइडवर असतील तर कोणतं अँटिफेड माउंटंट घ्यावं?

डॅपी (निळा), एफआयटीसी (हिरवा) आणि अ‍ॅलेक्सा ६४७ (दूर-लाल) हे पेशी रंगवायचे चमकणारे (फ्लुरोसंट) डाय; माउंटंट म्हणजे कव्हरस्लिपखाली भरायचं माध्यम, आणि अँटिफेड म्हणजे डाय फिकट होऊ न देणारं. तुमच्या दोन तक्रारी आहेत. हिरवा सिग्नल बघता बघता विझतो, आणि अ‍ॅलेक्सा ६४७ दुसऱ्या दिवशी निम्माही उरत नाही. दोन्ही फिकट होण्याच्याच, पण कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी ती वेगळी करू.

एफआयटीसी विझतो तो प्रकाशामुळे. उत्तेजित झालेला रेणू मधूनच ट्रिप्लेट या जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत अडकतो, तिथे त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि तो कायमचा मोडतो. अँटिफेड रसायनं ही साखळी तोडतात. जुनी आणि आजही चालणारी तीन: पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन), एन-प्रोपिल गॅलेट आणि डॅब्को. एफआयटीसीला सगळ्यात जास्त वाचवतो तो पीपीडी. पण सायनिन कुळातल्या डायशी (साय२, साय५, अ‍ॅलेक्सा ६४७) त्याचं वैर आहे. साय२ त्याच्याशी क्रिया होऊन खराब होतो, आणि साय५ व अ‍ॅलेक्सा ६४७ सुद्धा मंदावतात. स्लाइड अंधाऱ्या डब्यात ठेवूनही तुमचा दूर-लाल सिग्नल गेला, म्हणजे दोष दिव्याचा नाही. माझा संशय माउंटंटवर आहे. बाटलीतला द्रव पिवळट-तपकिरी दिसत असेल तर तो पीपीडीचा असण्याची शक्यता मोठी. तयार माउंटंटमध्ये नेमकं काय आहे हे कंपन्या बहुधा सांगत नाहीत, त्यामुळे विकत घेताना डायनिहाय सुसंगतीचा तक्ता मागाच.

निवड करताना संचातला सर्वांत नाजूक डाय धरून चाला. तुमच्याकडे तो अ‍ॅलेक्सा ६४७ आहे. तेव्हा पीपीडी नको. प्रोपिल गॅलेट-ग्लिसरॉल किंवा प्रोलाँग गोल्ड, डायमंड यांसारखं घट्ट होणारं माध्यम घ्या. आणि जमलं तर एफआयटीसीच बदला. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ६.४ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच जरा खाली आला की चमक घसरते. अ‍ॅलेक्सा ४८८ त्याच फिल्टरवर चालतो, पीएच ४ ते १० मध्ये फारसा हलत नाही आणि बराच जास्त टिकतो. एफआयटीसी ठेवायचाच असेल तर माउंटंटचा पीएच ८ ते ८.५ हवा.

घरचं माध्यम १० मिलीलिटर करायचं तर: ग्लिसरॉल ९ मिली, २०० मिलिमोलर ट्रिस बफर (पीएच ८.०) १ मिली, प्रोपिल गॅलेट ५० मिलिग्रॅम. गॅलेट पाण्यात लवकर विरघळत नाही. कोमट करून तासभर ढवळत ठेवा, गढूळपणा पूर्ण जायला हवा. छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा.

आता मात्रा, कारण बहुतेक स्लाइड इथेच बिघडतात. २२ × २२ मिमी कव्हरस्लिपखाली २० मायक्रोलिटर म्हणजे सुमारे ४० मायक्रोमीटर जाडीचा थर. बाटलीतून सरळ थेंब सोडला तर तो ५० मायक्रोलिटरच्या आसपास पडतो आणि थर १०० च्या वर जातो. पेशी स्लाइडवर वाढवलेल्या असतील तर तेवढं अंतर ओलांडूनच त्या बघाव्या लागतात. पेशींसाठी १२ ते १५ मायक्रोलिटर पुरतात. त्याआधी कव्हरस्लिपची कड फिल्टर पेपरला टेकवून पीबीएस (धुण्याचं खारं बफर) निथळू द्या; राहिलेला पीबीएस अँटिफेड पातळ करतो. माउंटंट खोलीच्या तापमानाला आणून मगच घ्या, हलवू नका, आणि कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत हळूच खाली सोडा, नाहीतर बुडबुडे अडकतात.

अपवर्तनांक विसरू नका. तेलाच्या लेन्सचं तेल १.५१८, ९० टक्के ग्लिसरॉल सुमारे १.४६, प्रोलाँग गोल्ड घट्ट झाल्यावर १.४७. काचेलगतच्या पेशींना हा फरक चालतो. पण २० मायक्रोमीटरपेक्षा खोल झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांचा संच) घ्यायचा असेल तर गोलीय विपथनामुळे (किरण एका बिंदूत न जुळल्यामुळे) खोलवर चित्र फुगतं आणि मंद होतं, तिथे १.५२ च्या जवळ जाणारं प्रोलाँग ग्लास घेणं योग्य. कव्हरस्लिप नेहमी क्रमांक १.५ ची, म्हणजे ०.१७ मिमी.

घट्ट होणारं माध्यम निदान २४ तास, सपाट, अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रिजमध्ये ते नीट घट्ट होत नाही. त्याआधी कडा नेलपॉलिशने बंद करू नका. ग्लिसरॉलचं माध्यम मात्र लगेच बंद करावं लागतं, आणि कडेला ग्लिसरॉल सांडलं असेल तर पॉलिश धरत नाही, म्हणून कडा आधी पुसून घ्या. स्लाइडवर जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर नेलपॉलिश टाळा, त्यातलं द्रावक आत झिरपलं की जीएफपी मरतो. डीपीएक्स (रेझिनचं माउंटंट) तर नकोच, त्यासाठी करावं लागणारं अल्कोहोलमधलं निर्जलीकरण जीएफपीला घातक आहे.

डॅपी मिसळलेलं माउंटंट सोयीचं असतं, पण मागे निळसर धुकं राहतं. डॅपी वेगळा द्या: ३०० नॅनोमोलर, ५ मिनिटं, मग पीबीएसने दोनदा धुणं. निळा चॅनल सर्वांत शेवटी घ्या. अतिनील प्रकाश खाल्लेला डॅपी हिरव्या चॅनलमध्येही उजळू शकतो.

नवी बाटली आली की एकाच दिवशी रंगवलेल्या तीन कव्हरस्लिप घ्या: एक नुसत्या बफर-ग्लिसरॉलमध्ये, एक जुन्या माउंटंटमध्ये, एक नव्यात. प्रत्येकीची तीच लेन्स, तोच एक्सपोजर ठेवून सलग ५० चित्रं काढा. पन्नासावं चित्र पहिल्याच्या किती टक्के उरलं ते बघाच, पण पहिलं चित्रही बफरवाल्याशी ताडून बघा. काही अँटिफेड विझणं थांबवतात आणि मुळातली चमकच दाबून टाकतात. नुसत्या टक्केवारीत ते लपून जातं. आठवड्याने त्याच स्लाइड पुन्हा मोजा, अ‍ॅलेक्सा ६४७ चं खरं उत्तर तेव्हाच मिळेल.