उत्तर : टाकी भरलेली, तरी मशीन म्हणतंय 'डिटर्जंट भरा'

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि अडीच वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. तुमचं सोलापुरात विजापूर रोडला घर, स्वतःच लिक्विड ओढून घेणारं ('ऑटो डोस') नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन, दोन महिन्यांत काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ, टॉवेल पापडासारखे कडक, आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना पॅनेलवर 'डिटर्जंट भरा'. वर अ‍ॅप जोडलं जात नाही ते वेगळंच. आमचं घर जुळे सोलापुरात, एवढाच काय तो फरक.

मागचे ट्रान्सपोर्टचे बोल्ट काढलेत, मशीन लेव्हलला आहे, हे धरून चालतो. मी मेकॅनिक नाही. मॉडेल बदललं की बटणं आणि टाकीची जागा बदलते, तेव्हा माझं आणि मॅन्युअलचं पटलं नाही तर मॅन्युअलचं ऐका.

एक विचारतो, राग मानू नका. टाकीत कधी पावडर कालवून ओतलीत का? मी ओतली होती. दुकानदाराने मशीनबरोबर पावडरचा मोठा पुडा फुकट दिला. लिक्विडच्या टाकीचं मशीन आणि सोबत पावडर! एवढी पावडर वाया कशी घालवायची म्हणून कोमट पाण्यात कालवली, आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळली आणि दिली टाकीत ओतून. दिसायला अगदी लिक्विडच. आठवडाभर झकास चाललं. मग मशीन टाकी रिकामी आहे म्हणायला लागलं. टाकी ओढून बाहेर काढली तर तळाशी घट्ट विरजणासारखा थर. बोटाने उकरला तर खाली रांगोळीसारखी कचकच. पातळी सांगणारा तो छोटा तरंगता तुकडा त्यातच रुतून बसलेला. पावडरीतली काही भर पाण्यात पूर्ण विरघळत नाही, हलवायचं थांबलं की खाली बसते, आणि पंपाची नळी काही फार रुंद नसते. पावडर ओतली नसेल तर दुसरा संशय : एका कंपनीचं लिक्विड संपत आलं की त्यावरच दुसऱ्या कंपनीचं ओतणं. दोन्ही एकत्र आली की कधी कधी घट्ट जेली होते. ब्रँड बदलायचा तर आधी टाकी रिकामी करून धुवायची. ब्लीच तर टाकीत अजिबात नाही.

पावडर ही माझी चूक, मान्य. पण जास्त पैसे गेले ते सर्व्हिस सेंटरपायी. नाव घेत नाही, इथे नावं घेतली की चर्चेचा धागाच बंद करतात. पहिल्यांदा जो मुलगा आला त्याने पॅनेल बघितलं, प्लग काढून परत लावला आणि म्हणाला, "सोलापूरचं पाणीच असलं आहे ओ काका." टाकी उघडूनसुद्धा बघितली नाही. दुसऱ्यांदा आलाच नाही, फोन आला. "पार्ट मागवलाय काका, आला की येतोच. तेवढा ओटीपी सांगा, नाहीतर सिस्टीम तक्रार पुढं घेत नाही." मी सांगितला. संध्याकाळी मेसेज : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमची सेवा कशी वाटली? खाली पाच चांदण्या.

त्यानंतर दर फोनला पहिल्यापासून कहाणी. नाव, पत्ता, मॉडेल, मशीन चालू आहे का, प्लग लावलाय का. त्यांच्या नोंदीत तक्रार मिटलेली, म्हणजे माझी प्रत्येक तक्रार नवी. असं करत करत वॉरंटीचं वर्ष संपलं. संपल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र माणूस लगेच आला, पंप बदलला, मजुरी धरून सहा हजारांच्या वर बिल झालं. टाकी त्यानेही धुतली नाही, त्यामुळे महिन्यात नवा पंपही तुंबला. शेवटी अशोक चौकाकडचा एक खासगी मेकॅनिक आला. त्याने टाकी आणि पंप दोन्ही कोमट पाण्यात भिजवून ब्रशने साफ केले, सातशे रुपये घेतले. जाताना मी जपून ठेवलेला जुना पंपही त्याने धुऊन लावून बघितला. तो चालला! सहा हजारांचा चांगला पंप आजही माळ्यावर पडलाय. तेव्हा काम समोर होऊन कपड्यांची एक खेप निघाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्यायचा. ते कुरकुर करतील, करू देत.

आता पांढऱ्या ओघळांचं. हे लिक्विडचं की पाण्यातल्या क्षारांचं, ते आधी ठरवा. डागावर लिंबाचे दोन थेंब चोळा, डाग गेला तर क्षार. ओला करून चोळल्यावर बोटाला बुळबुळीत लागला तर साबण. दुसरी परीक्षा : धुतलेले दोन-तीन टॉवेल लिक्विड न घेता नुसत्या पाण्यावर फिरवा. काचेत फेस दिसला तर मशीन गरजेपेक्षा जास्त ओढतंय.

इथे 'ऑटो' शब्दाची गंमत आहे. मशीन कपड्यांचं वजन स्वतः जोखतं, पण पाणी जड की हलकं, म्हणजे त्यात क्षार जास्त की कमी, हे माझं मशीन तरी मोजत नाही. ते सेटिंगमध्ये आपण भरायचं असतं, आणि एका खेपेला किती मिली हेही बाटलीवर बघून आपणच भरायचं असतं. जोडणीला आलेला मुलगा कारखान्याचंच सेटिंग ठेवून गेला होता. तुमच्याकडेही बहुधा तेच झालं असेल.

आणि आपल्याकडे पाणी एक कुठे असतं? पाण्याच्या दिवशी हौदात उजनी धरणाचं, मग नळाला पुन्हा पाणी येईपर्यंत पुरवायचं, मध्येच संपलं की बोअर चालू. त्याच टाकीतून, त्याच नळीने. मी हा जडपणा, म्हणजे कडकपणा, तपासायच्या पट्ट्या आणल्या. नळाच्या पाण्याला पट्टी मधल्या रंगावर थांबली, बोअरला पार शेवटच्या रंगापर्यंत गेली. (टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजणाऱ्या यंत्रावर, जाऊ नका, त्यात मीठही मोजलं जातं. आपल्याला कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मतलब.) पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा कपड्यांना जड असू शकतं. जड पाण्यात लिक्विडची बरीच ताकद त्या क्षारांशी भांडण्यातच जाते, मळापर्यंत पोचते ती उरलेली.

मी सेटिंग मध्यम ठेवलंय. पांढरे कपडे आणि मुलांचे युनिफॉर्म पाण्याच्या दिवशी, बोअर चालू असताना फक्त रोजचे कपडे आणि त्या खेपेपुरता डोस एक पायरी वर. कायम वरच्या पायरीवर ठेवू नका. फेस जास्त झाला की मशीन तो मोडायला आणखी पाणी घेतं, वेळही वाढतो, आणि आपल्याकडे पाणीच तर नाही. महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून गरम पाण्याच्या प्रोग्रॅमवर क्षारांचा थर काढणारी डिस्केलिंग पावडर चालवा, हीटरवर थर साचत नाही. ब्लीचबरोबर मात्र कधीच नको, विषारी वायू होतो.

चादरीचं एक. आपल्या जाड सोलापुरी चादरी आधी बादलीत भिजवून मग मशीनला टाकायची सवय असेल तर ऑटो डोस बंद करून टाका. मशीन ओल्या चादरीचं वजन कोरडं समजून लिक्विड ओढतं. आणि टॉवेलला सॉफ्टनर नको. माझ्या मशीनमध्ये सॉफ्टनरची टाकी आपोआप चालूच असते. धाग्यावर थर बसला की टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. मग सोलापुरी टॉवेलचा उपयोग काय? टॉवेलच्या प्रोग्रॅमला ती टाकी बंद करा. हे माझं ठाम मत, घरात सगळ्यांना पटलेलं नाही.

अ‍ॅपचं कोडं साधं आहे. अशी बरीच मशीन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडली जातात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही वायफायना एकच नाव देत असेल तर जोडणीपुरतं ५ वालं बंद करा, जोडून झालं की चालू. एवढं करून मी अ‍ॅपवर काय बघतो? किती मिनिटं राहिली, बस. ऑफिसातून एकदा हौसेने मशीन चालू केलं, वरची टाकी रिकामी. घरी आलो तर पाणी नसल्याची खूण लुकलुकतेय आणि कोरडे कपडे आत बंद. पाणी किती वाजता येणार हे अ‍ॅपला नाही, शेजारच्या काकूंना माहीत असतं.

तर आज टाकी बाहेर काढा, तळाचा फोटो इथे टाका. थर असेल तर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, उकळतं ओतू नका, प्लास्टिक वाकतं. मग टाकीत नुसतं कोमट पाणी भरून दोन रिकाम्या खेपा चालवा, नळी धुतली जाते. पण उद्या तुमचा पाण्याचा दिवस असेल तर आधी सगळे कपडे धुऊन घ्या. तोवर लिक्विड वरच्या साध्या कप्प्यात हाताने ओता, त्याला कुठलाच पंप लागत नाही.