लिंक टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा ‘ऱ्य’वरचा लेख सावकाश वाचला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांवरून सुरुवात करून तू वाचकाला थेट युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, पोटात नेलंस, ते फार आवडलं. डोळ्यांना एकसारखाच दिसणारा ‘दऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: कधी ‘ऱ’ आणि हलन्त घेऊन, तर कधी साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घेऊन. मग एका प्रकारे टाइप केलेला शब्द शोधला की दुसऱ्या प्रकारचा सापडत नाही. मराठीत टाइप करणारे आपण सगळे यात कधी ना कधी अडकलोय, पण इतकं उलगडून सांगितलेलं मी आजवर वाचलं नव्हतं. लेख इंग्रजीत लिहिलास हेही बरं केलंस. फॉन्ट आणि सर्च बनवणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचायलाच हवी.

आता तुझा प्रश्न. हॅकर न्यूज, रेडिट आणि लॉब्स्टर्स या, लोक लिंक टाकतात आणि मतं देऊन वर चढवतात अशा, तिन्ही साइटवर एकाच सकाळी लिंक टाकायची आणि कॉलेजच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी अपव्होट करा रे’, म्हणजे पसंतीचं मत द्या, असा मेसेज सोडायचा, हे चालेल का? नाही चालणार. आणि ते का नाही हे तुला नीट समजावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

या जागा वाचणाऱ्यांच्या आहेत, लिहिणाऱ्यांच्या नाहीत. कुणीतरी कामातून उसंत काढून तिथे येतो आणि आज काहीतरी चांगलं वाचायला मिळेल या भरवशावर पान उघडतो. तो भरवसा एवढंच त्या साइटचं भांडवल. डिगचं काय झालं ते बघ. २००४ साली सुरू झालेली ही साइट काही वर्षं लिंक-शेअरिंगमधली सगळ्यांत मोठी होती. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी नवी आवृत्ती आणली आणि प्रकाशकांना आपल्या फीडमधून लेख आपोआप टाकण्याची सोय करून दिली. वाचक खवळले. निषेध म्हणून त्यांनी डिगच्याच पहिल्या पानावर रेडिटच्या लिंक चढवल्या, आणि मग मोठ्या संख्येने ते रेडिटवरच निघून गेले. दोन वर्षांत डिग कवडीमोलाने विकली गेली. नव्या आवृत्तीत तांत्रिक गोंधळही बरेच होते, हे खरं. पण आपण निवडायचं ते पान दुसऱ्यांच्या जाहिरातीला दिलं गेलं, हा राग लोकांच्या मनात होता आणि तो रास्त होता.

म्हणूनच हॅकर न्यूजच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की ही जागा मुख्यतः प्रचारासाठी वापरू नका. स्वतःचं लेखन अधूनमधून टाकायला हरकत नाही, पण इथे येण्याचं मूळ कारण कुतूहल असावं. अपव्होट मागू नका, प्रतिक्रिया मागू नका, हेही तिथेच आहे. मागितल्यास लेख, खातं आणि लेख ज्या साइटवर आहे ती साइट, तिघांवरही कारवाई होऊ शकते. तुला ही भीती लांबची वाटत असेल, पण २०१२ साली रेडिटने ‘द अटलांटिक’ आणि ‘बिझनेसवीक’सारख्या नामवंत प्रकाशनांच्या डोमेनवर बंदी घातली होती, कारण त्यांच्या लिंक ठरवून टाकल्या आणि वर चढवल्या जात असल्याचा रेडिटचा आक्षेप होता. मोठी प्रकाशनं अशा बंदीतून सावरतात. तुझं डोमेन तुझ्या नावाचं आहे, तुझं सगळं लेखन त्याच एका पत्त्यावर आहे. एकदा त्यावर शिक्का बसला की पुढच्या वर्षी लिहिलेला उत्तम लेखही त्याच शिक्क्यासकट जाईल.

मोह का होतो, ते मला कळतं. हॅकर न्यूजवर क्रम ठरताना मिळालेली मतं आणि लिंकचं वय यांचा हिशोब होतो. जसजसा वेळ जातो तसतशी लिंक खाली ओढली जाते, त्यामुळे सुरुवातीची चार-पाच मतं सोन्याच्या मोलाची. ताज्या लिंक जिथे येतात त्या ‘न्यू’ पानावर ती बघता बघता खाली सरकते. मित्रांनी एवढा पहिला धक्का दिला तर काय बिघडलं, असं वाटतं. पण मतांची टोळी ओळखण्याची यंत्रणा त्यांच्याकडे फार आधीपासून आहे. कालच उघडलेली पंधरा खाती एकाच लिंकवर येऊन मत देतात आणि निघून जातात, हे माणसाच्याही लक्षात येतं, यंत्राच्या तर येतंच. आणि समजा नाही आलं लक्षात, तरी त्याच वेळी रात्र जागून लिहिलेला दुसऱ्या कुणाचा तरी लेख तुझ्या लेखामुळे खाली गेला. त्याच्याकडे कॉलेजचा ग्रुप नव्हता. मला हे अधिक लागतं.

मित्रांना लेख वाचायला द्यायला मात्र काहीच हरकत नाही, जरूर दे. फक्त त्यांना लेखाची लिंक पाठव, चर्चेच्या पानाची नको, आणि तू लेख कुठे टाकलायस हे सांगू नकोस.

शीर्षकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे तू घसरला आहेस. ‘या एका अक्षराने तुमचा सर्च मोडतो, कसा ते वाचून थक्क व्हाल’ असा मथळा तू ठेवलायस. आत इतकं भरीव काही असताना दारावर भडक पाटी कशाला? हॅकर न्यूजवर मूळ शीर्षकच द्यायचं असतं, ते भडक असेल तर सौम्य करायचं असतं, आणि ‘दहा भन्नाट युक्त्या’ छापाचे आकडे व विशेषणं काढून टाकायची असतात. शिवाय ऐंशी अक्षरांची मर्यादा आहे. तेव्हा लेखाचंच शीर्षक बदल. ‘मराठीतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि त्यामुळे सर्च चुकतो’ या अर्थाचं सरळ वाक्य पुरे. ज्याला यात रस आहे तो तेवढ्यावरच थांबेल. ज्याला नाही त्याला फसवून आत आणलंस तर तो चिडूनच बाहेर पडेल.

आणखी एक. ‘शो एचएन’ असं पुढे लावू नकोस. हॅकर न्यूजवर ते लोकांना वापरून बघता येईल अशा गोष्टींसाठी आहे. नुसतं वाचायचं लेखन त्यात बसत नाही. पण तू एक छोटं पान केलंस, जिथे कुणीही शब्द चिकटवला की त्यातले कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक, एकाखाली एक दिसतील आणि ‘ऱ्य’ कोणत्या प्रकारचा आहे ते कळेल, तर ते ‘शो एचएन’ म्हणून खुशाल टाक. खातं उघडायला न लावता ते चालू दे.

रेडिटची रीत वेगळी. तिथे एकच दार नाही. प्रत्येक सबरेडिटचे, म्हणजे एकेका विषयाच्या गटाचे, नियम निराळे, ते बाजूच्या पट्टीत लिहिलेले असतात आणि ते आधी वाचायचे. काही ठिकाणी स्वतःची लिंक अजिबात चालत नाही, काही ठिकाणी आठवड्यातला एखादा धागा त्यासाठी राखलेला असतो. दहात एक स्वतःचं, बाकी नऊ इतरांचं, असा जुना ठोकताळा तिथे बरीच वर्षं सांगितला जायचा. आकड्याला फार चिकटू नकोस. नऊ लिंक कशाबशा टाकून दहाव्या दिवशी आपली पुढे करणारा माणूस ओळखू येतोच. नव्या खात्याची लिंक ऑटोमॉडरेटर नावाचा प्रोग्राम आपोआप काढून टाकतो, असंही बऱ्याच ठिकाणी होतं. झालं तर पुन्हा टाकत बसायचं नाही. मॉडरेटरना एक साधा, नम्र निरोप लिहायचा आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं. ही माणसं बहुतेक ठिकाणी बिनपगारी, आपला वेळ देऊन ती जागा झाडून-पुसून ठेवतात.

तीच लिंक एका तासात सहा ठिकाणी टाकायचा बेत असेल तर तोही रद्द कर. मराठी सबरेडिटवर टाकायची असेल तर तिथल्यांसाठी वेगळं लिही. त्यांना ‘ऱ्य’ म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. कोणत्या कीबोर्डने कोणता प्रकार उमटतो आणि आपल्या जुन्या फाइलींमधले शब्द सापडत नसतील तर काय करायचं, हे मराठीत, तिथल्या तिथे, पोस्टमध्येच लिही. ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी शेवटी लिंक दे. लिंकवर टिचकी न मारताही वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे.

मेटाफिल्टर हे नाव तू घेतलं नाहीस, पण माहीत असू दे. १९९९ पासून चालू असलेल्या या साइटच्या पहिल्या पानावर स्वतःच्या कामाची लिंक टाकणं हा सर्वांत मोठा अपराध मानला जातो, खातंच बंद होतं. स्वतःची कामं दाखवायला त्यांनी ‘प्रोजेक्ट्स’ नावाचा वेगळा विभाग ठेवलाय. त्यातलं एखादं दुसऱ्या कुणाला आवडलं तर तो ते पहिल्या पानावर आणतो. मला ही व्यवस्था फार सभ्य वाटते.

लिंक टाकलीस की मग जागेवर राहा. म्हणजे दिवसभर आकडा बघत बसायचं असं नव्हे. प्रश्न आले तर उत्तर द्यायला हजर राहायचं. पहिल्याच उत्तरात ‘लेख मीच लिहिला आहे’ असं सांग. सदस्यनाव तुझ्या साइटवर आहे तेच ठेव, म्हणजे कुणाला शोध घ्यावा लागणार नाही. दुसऱ्या खात्याने येऊन स्वतःची वाहवा करणं तुझ्याकडून होणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजी अडखळत असलं तरी उत्तरं स्वतःच्या हाताने लिही. हॅकर न्यूजवर यंत्राकडून लिहून घेतलेल्या प्रतिक्रिया चालत नाहीत, आणि तुझं अडखळतं इंग्रजी तिथे कुणालाही खटकणार नाही.

पहिली प्रतिक्रिया काय येईल ते मी आत्ताच सांगते: ‘मग एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असलं तर ते एका ठरावीक रूपात आणणं) का करत नाही?’ त्याचं उत्तर लेखात नाही, ते घाल. साधा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळून झालेला ‘ऱ’ नॉर्मलायझेशनने एक होतो, पण जॉइनरवाला प्रकार आणि ‘ऱ’वाला प्रकार युनिकोडच्या दृष्टीने समतुल्यच नाहीत, त्यामुळे एनएफसीने ते एकत्र येत नाहीत. सर्च बनवणाऱ्याने हा नियम स्वतः लिहावा लागतो. एवढा परिच्छेद आला की वरवर वाचून आक्षेप घेणाऱ्यालाही लेखातच उत्तर मिळेल. कुणी खरी चूक दाखवली तर त्याचे आभार मानून लेखात दुरुस्ती कर आणि ती कधी केली ते तारखेसह तळाशी लिही. खवचट बोलणारा एखादा येईलच, त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही.

पानाचीही थोडी डागडुजी कर. आत येताक्षणी ईमेल मागणारी ती चौकट काढ. लिंकच्या पत्त्यामागचं, वाचक कुठून आला ते टिपणारं ट्रॅकिंगचं शेपूट काढ. लेखावर तारीख घाल. आणि पान साधं, स्थिर ठेव, कारण पहिल्या पानावर गेलास तर एकदम इतकी माणसं येतात की कमकुवत सर्व्हर झोपतो. स्लॅशडॉट या जुन्या लिंक-साइटच्या काळापासून हे होत आलंय.

बहुधा काहीच होणार नाही. लिंक येईल, एखादं मत मिळेल, आणि ती निघून जाईल. चांगल्या लेखांचंही बहुतेक वेळा हेच होतं, ‘न्यू’ पानावर तेव्हा कोण होतं यावर बरंच अवलंबून असतं. ती पुसून पुन्हा टाकू नकोस. तसं करू नका असं हॅकर न्यूजवाले स्वतःच सांगतात. मात्र ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही असा लेख काही काळाने एखाद-दुसऱ्यांदा टाकायला हॅकर न्यूजवर मुभा आहे. राहून गेलेले चांगले लेख संपादक स्वतः शोधून त्यांना दुसरी संधी देतात, असंही घडतं.

त्या ‘न्यू’ पानावर तू स्वतः किती वेळा जातोस? रोज नको, पण चहा घेताना दहा मिनिटं जात जा. अजून एकही मत न मिळालेला चांगला लेख दिसला तर पूर्ण वाच आणि मत दे. भारतीय लिप्यांवर, फॉन्टवर, कीबोर्डवर तू इतकं वाचतोस. त्यातलं उत्तम ते तिथे टाक. कुणी देवनागरीबद्दल विचारलं तर उत्तर लिही, त्यात स्वतःच्या लेखाची लिंक न देता. तुझं वाचन तिथल्या कित्येकांच्या कामाचं आहे, ते त्यांच्यापर्यंत जाऊ दे.

लॉब्स्टर्सचं आमंत्रण तू मागितलंस. तिथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही आणि कुणी कुणाला आणलं याची वंशावळ सगळ्यांना दिसते. तू जे करशील ते माझ्या फांदीवर दिसेल. स्वतःचं लेखन आपल्या एकूण लिंक आणि प्रतिक्रियांच्या पाव हिश्शापेक्षा कमी असावं असा तिथला संकेत आहे, लेख स्वतःचा असेल तर तशी खूण करायची सोय आहे, आणि नव्या सदस्याला पहिले सत्तर दिवस तिथे आधी न आलेल्या डोमेनची लिंक टाकताच येत नाही. म्हणजे तुझा लेख तिथे लगेच जाणारच नाही. तरीही यायचं असेल, नुसतं वाचायला आणि बोलायला, तर तसं कळव. आमंत्रण त्याच दिवशी पाठवते. एनएफसीचा परिच्छेद आणि नवं शीर्षकही तेव्हाच पाठव.

तुझी,
ताई