ॲमेझॉनच्या वर्षावनातील नदीकाठच्या शहरांचे हवामान बदलानंतरचे रूप व्हीआर (आभासी वास्तव) कलाकृतीतून कसे दाखवावे?

ब्राझीलमधील मानाउस शहरापासून सुरुवात करावी, मात्र शहर कायमचे बुडालेले दाखवण्याचा मोह टाळावा, कारण तेथील संकट पूर आणि दुष्काळ अशा दोन्ही टोकांचे आहे. रिओ नेग्रो नदीची पातळी मानाउसच्या बंदरावर १९०२ पासून नोंदवली जाते. जून २०२१ मध्ये ती ३० मीटरच्या किंचित वर गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये १३ मीटरच्या खाली उतरली आणि पुढच्याच वर्षी तो नीचांकही मोडला. २०२३ मध्ये नदी आटल्यावर मानाउसमधील पोंतो दास लाजेस या नदीकाठच्या ठिकाणी खडकांवर कोरलेले प्राचीन मानवी चेहरे उघडे पडले होते. प्रेक्षकाला त्याच खडकावर उभे करून पाणी हळूहळू त्याच्या डोक्यावरून चढू द्यावे, म्हणजे १७ मीटरचा फरक नुसता आकडा न राहता अंगावर येईल.

घरांसाठी पेरूतील इकितोसची बेलेन वस्ती पाहावी. तेथील काही घरे ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधलेली असून ती पाण्याबरोबर वरखाली होतात. भविष्याच्या चित्रांत हटकून दिसणाऱ्या काचेच्या तरंगत्या मनोऱ्यांपेक्षा (त्यांचा आता कंटाळाच आला आहे) हा नमुना कितीतरी विश्वासार्ह वाटतो.