शेवटच्या नळाचे पाणी आणि नववीतला प्रकल्प

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. गावच्या टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) टाकली जाते, तरी आमच्या वाडीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत नाही, हे तिच्या लक्षात आले आहे. त्यावर तिला विज्ञान स्पर्धेसाठी प्रकल्प करायचा आहे. पाण्यातले जंतू घरी वाढवून पाहावेत आणि घरोघरी जाऊन कोणाला जुलाब झाले होते का, हे विचारावे, असा तिचा बेत आहे. एका शिकवणीचालकांनी तक्ता आणि अहवालासह सगळा प्रकल्प तयार करून देण्यासाठी मोठी रक्कम सांगितली आहे. आम्ही काय करावे?
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : ती रक्कम कृपा करून देऊ नका. आपल्या मुलीला स्वतःच्या नळाशी उभे राहून जो प्रश्न पडला, तोच या प्रकल्पाचा प्राण आहे, आणि तो विकत मिळत नाही.

तिच्या प्रश्नाला सर्वांत जवळची स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 1993 पासून चालवलेल्या या उपक्रमात 10 ते 17 वर्षांची मुले आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास मांडतात, आणि तो मराठीतून मांडता येतो. त्याच विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत मूळ कल्पनेला महत्त्व असते. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये जमा होतात. त्यासाठी नाव शाळेनेच पाठवावे लागते, म्हणून मुख्याध्यापकांशी लवकर बोलावे. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे, पण तिची सुरुवात लेखी परीक्षेने होते, त्यामुळे तिची तयारी वेगळी.

आता प्रयोगाकडे येऊ. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी किट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाचा संच, वापरून पाण्यातील उर्वरित क्लोरीन, म्हणजे जंतू मारून झाल्यावरही पाण्यात उरलेला क्लोरीन, तपासतात. पाण्यात क्लोरीन असेल, तर द्रावणाचे थेंब पडताच ते पिवळे होते आणि तो रंग तक्त्याशी ताडून पाहतात. ते द्रावण मुलांनी हाताळू नये. थेंब मोठ्यांनी हातमोजे घालून टाकावेत, रंग मुलीने वाचावा आणि लिहावा. टाकीजवळ, मधल्या चौकात आणि शेवटच्या नळाला, एकाच दिवशी, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, असे निदान पंधरा दिवस करावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. मोजणी पाणी भरल्याबरोबर करावी, कारण उन्हात ठेवलेल्या नमुन्यातला क्लोरीन उडून जातो.

एवढ्याने ‘शेवटच्या नळाला क्लोरीन कमी आहे’ हे कळेल, पण ‘का’ हे कळणार नाही. पाणी पोहोचायला वेळ लागतो म्हणून तो कमी झाला, की जुन्या गंजलेल्या पाइपने आणि आत साचलेल्या थराने तो शोषला? हे वेगळे करण्याची युक्ती साधी आहे. टाकीचेच पाणी एका स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, काळ्या कापडात गुंडाळून ठेवावे. व्हॉल्व्ह सुटल्यापासून शेवटच्या नळाला पाणी येईपर्यंत जितकी मिनिटे लागतात, तितक्याच मिनिटांनी त्या बाटलीतला क्लोरीन मोजावा. बाटलीत तो टिकला आणि नळाला मात्र उरला नाही, तर संशय पाइपवर जातो. बाटलीतही तितकाच घटला, तर वेळेवर आणि पाण्याच्या गढूळपणावर. टाकीजवळच तो कमी भरला, तर उघड्या पोत्यात पडून पावडरीचा जोर गेला आहे का, ते पाहावे. मला विचाराल, तर ही एक बाटली शिकवणीवाल्यांच्या रंगीत तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

जंतू घरी वाढवण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. अमेरिकेत 1950 मध्ये सुरू झालेल्या आणि आज आयसेफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात, जिथे भारतीय मुले आयरिस या राष्ट्रीय मेळ्यातून निवडली जातात, घरी जंतू वाढवलेला प्रकल्प नियमांतच बसत नाही. नमुना घरून घेता येतो, पण तो लगेच योग्य प्रयोगशाळेत न्यावा लागतो. पाणी काळे झाले की दूषित समजायचे, ती एचटूएस बाटलीही जंतू वाढवूनच निकाल देते, म्हणून ती शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर आणि न उघडता वापरावी. जुलाबाविषयी घरोघरी विचारणे हे माणसांवरचे संशोधन ठरते. त्या मेळ्याच्या नियमांनुसार साध्या प्रश्नावलीलाही आधी समितीची मंजुरी लागते, आणि प्रयोगाचा आराखडाही काम सुरू होण्यापूर्वी लिहून द्यावा लागतो. पुढे तिथवर जाण्याची इच्छा असेल, तर कागदपत्रे आधी आणि पहिला थेंब नंतर, हा क्रम पाळावा.

प्रश्न : माझा निष्कर्ष अंदाजाच्या उलट आला आहे. परीक्षक गुण कापतील का?
— इयत्ता आठवीतील विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. निष्कर्ष काय आला यापेक्षा मोजणी तुझी स्वतःची आणि प्रामाणिक आहे का, हे महत्त्वाचे. मी स्वतः परीक्षक म्हणून बसलो असताना एका मुलाचा सुबक तक्ता पाहिला; प्रत्येक मोजणी तीनदा का घेतली, हे त्याला सांगता आले नाही, कारण त्या मोजण्या त्याच्या नव्हत्या. शेजारच्या मुलीच्या वहीवर पाण्याचे डाग होते, आणि एका आकड्यापुढे ‘आज बाटली नीट धुतली नव्हती, उद्या पुन्हा’ असे लिहिले होते. तिच्याशी मी वीस मिनिटे बोललो. तुझी वही शाईने लिही, रोज तारीख टाक, आणि चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नकोस. त्यावर एकच आडवी रेघ मार, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल, आणि शेजारी चूक कशी झाली ते लिही.