संत जॉर्जचा ड्रॅगन आणि पर्पेतुआची पिन

प्रश्न : नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नातवानं संतांची चित्रं घेतली. एकात संत जॉर्ज चक्क ड्रॅगनला भाला मारतोय! या हुतात्म्यांच्या गोष्टी सगळ्या अशाच रचलेल्या का? – एक आजी, जेलरोड

उत्तर : आजी, ड्रॅगन सोडून द्या. जॉर्ज चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात; ड्रॅगन त्याला चिकटला तो शेकडो वर्षांनी, मध्ययुगात. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या रोमन शहरातली पर्पेतुआ घ्या; ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून तुरुंगात पडलेली. इ. स. 203, वय साधारण 22, अंगावर पिणारं बाळ. तुरुंगातली हकीकत तिचीच म्हणून आपल्यापर्यंत आली आहे. म्हातारा बाप तिच्या हातांचे मुके घेतो, पाया पडतो, माझ्या पिकल्या केसांची तरी कीव कर म्हणतो. ही ढिम्म! शेवट अर्थातच दुसऱ्या कुणी लिहिला. देहदंड म्हणून रिंगणात जनावरांपुढे सोडल्यावर उधळलेल्या गाईनं उडवलं, तेव्हा तिनं आधी फाटका कपडा सारखा केला, मग केसांसाठी पिन मागितली. मोकळे केस शोकाचे समजत. इतकं बारीक कुणी उगाच रचत नाही, असं मला तरी वाटतं. तिच्यासोबतची गुलाम फेलिसिटी आठव्या महिन्यातच कोठडीत बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती बाईनं पोटच्या लेकीसारखी वाढवली.