तारण कृपेनेच, मग चांगलं वागायचं कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: तारण (पापापासून सुटका) कृपेनेच, म्हणजे आपली लायकी नसताना देवाकडून फुकट, मिळत असेल तर चांगलं वागायचं कशाला, आणि एकच खरा देव सगळं गौरव स्वतःकडेच का ठेवतो. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे.

पहिला प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने स्वतःच बायबलमधल्या रोमकरांस पत्र 6:1 मध्ये मांडलाय: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? त्याचं उत्तर, मुळीच नाही. माफी हवी पण बदल नको, असं म्हणणारा मुळात कृपा मागतच नाहीये.

पण बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब 2:24 मध्ये म्हणतो, माणूस नीतिमान ठरतो तो कृतींनी, ‘केवळ विश्वासाने नव्हे’. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरही 1522 मध्ये या पत्राला गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं, पत्र म्हणाला होता (मला ते अन्यायाचं वाटतं). गंमत म्हणजे पौल आणि याकोब, दोघांचा साक्षीदार एकच, इस्राएलचा पूर्वज अब्राहाम. पौल उत्पत्ती 15 उघडतो. तिथे त्याचा मुलगा इसहाक जन्मलेलाही नाही. देवाच्या शब्दावर भरवसा ठेवला, एवढ्यावर अब्राहाम नीतिमान गणला जातो. याकोब 22व्या अध्यायाकडेही बोट दाखवतो, तिथे देवाच्या सांगण्यावरून अर्पण करायला नेलेला तोच इसहाक वेदीवर आहे. म्हणजे भरवसा आधी, तो कृतीत दिसला पुढे कित्येक वर्षांनी. याकोबाचा रोख तोंडदेखल्या विश्वासावर आहे. देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो 2:19 मध्ये सुनावतो.

आता गौरव. इफिसकरांस 2:8-9 मध्ये कृपेचं कारणही दिलंय: कोणी आढ्यता बाळगू नये. लूक 18 मधला परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) सुरुवात देवाचे आभार मानूनच करतो, पण पुढे सगळी स्वतःचीच यादी, उपवास आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), वर मागे उभ्या असलेल्या जकातदाराला टोमणा. तारणात माझा थोडा जरी वाटा असता, तरी मीही तेवढ्यापुरती फुशारकी मारली असती आणि दुसऱ्याला हिणवलं असतं. ‘माझं गौरव मी दुसऱ्याला देणार नाही’ हे यशया 42:8 चं वचन कठोर वाटतं खरं, पण त्याच्या अगदी आधीचं वचन वाचा. तिथे आंधळ्यांचे डोळे उघडण्याची आणि बंदिवानांना बाहेर काढण्याची गोष्ट आहे.

कॅथलिक मित्रांशी यावर वाद घालणार असाल, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा 1547 चा ठराव, ज्यात केवळ विश्वासाने तारण ही प्रोटेस्टंट शिकवण नाकारली होती, एवढाच हाताशी ठेवू नका. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिकांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आहेत, आणि आपल्या पुण्याईने नव्हे तर कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो हे त्यात दोघांनाही मान्य आहे. मतभेद उरलेत, पण ते त्यापुढचे.