आखाजीला झोक्यावर बसले, पण मन लागलंच नाही

मावशी,
मी पारोळा तालुक्यातली, वय ३४. मागच्या पावसाळ्यात डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत बरं वाटलं. ‘सवय लागेल’ असं सगळे म्हणाले, म्हणून दिवाळीत मनानेच एकदम बंद केल्या. भाऊबीजेला चक्कर येत होती, डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. ते थांबलं. संक्रांतीनंतर मात्र मन पुन्हा बसत गेलं. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय, तर कुणा दुसरीच्याच घरी पाहुणी आल्यासारखं वाटतंय. पोरगा येऊन बिलगतो, आत काहीच हलत नाही. आई विचारते, ‘काय व्हयनं तुले?’ तिला काय सांगू? कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. गोळ्यांनीच मला बधिर केलं का? पुन्हा घ्याव्या लागल्या तर मी हरले ना?

पोरी,
‘उठूच नये’ हे तू पत्राच्या शेवटी, हळूच लिहिलंस. मी तिथूनच सुरू करते. हा विचार फक्त येऊन जातो, की कसं करायचं तेही मनात येतं? तसं येत असेल तर आजच नवऱ्याला किंवा आईला सांग, एकटी राहू नकोस आणि थेट दवाखाना गाठ. तसं नसलं तरी घरातली कपाशीच्या फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लाव, किल्ली तुझ्याकडे नको. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ लाव. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता पोराचं. तुझी माया आटलेली नाही. काहीच न वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे. लोकांना डिप्रेशन म्हणजे रडणं वाटतं, पण पुष्कळांना रडूसुद्धा येत नाही. सांजोरी गोड लागत नाही, पोराचा हात हातात असून दूरचा वाटतो. आत काही हलत नसताना तू त्याला जेवू घालतेस, जवळ घेतेस. ही माया नाही तर काय?

गोळ्यांनी बधिर केलं का, हे तू विचारलंस ते बरं केलंस. या गोळ्यांनी काहींच्या भावना बोथट होतात हे खरं आहे. गोळ्या चालू असतानाही तुला असं वाटत होतं का, ते आठव आणि डॉक्टरांना सांग. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. भाऊबीजेचे ते करंट बहुधा गोळी अचानक तुटल्यामुळे होते. संक्रांतीनंतर हळूहळू जे वाढत गेलं, तो मला आजारच परतल्यासारखा वाटतो. पण हे तपासून ठरवायचं डॉक्टरांनी. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन पाहायला सांग, त्यांच्या कमी-जास्तपणानेही माणूस असाच गळून जातो.

आणि बरं वाटल्यावरही या गोळ्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात, मग डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा. तुला हे कुणी नीट समजावलं नसेल, तर तो दोष तुझा नाही. डबीत उरलेली पाकिटं मात्र मनाने सुरू करू नकोस.

तुला जळगाव जवळ आणि धुळंही. दोन्हीकडच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. ‘मीच बंद केल्या होत्या’ हे न लाजता सांग, असं रोज कुणीतरी सांगत असतं. समुपदेशनाचंही विचार, नुसत्या गोळीवर थांबू नकोस. बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली तर तुझी सासू हरली असं तू म्हणशील का?

तोवर मन लागण्याची वाट पाहू नकोस. सकाळी ठरल्या वेळी बांधापर्यंत चालून ये, पोराला सोबत घे. हसायचं सोंग करायची गरज नाही.

आईला काय सांगू म्हणतेस? तिने तिच्या बोलीत विचारलंय, तू तुझ्या बोलीत सांग: ‘माय, माले बरं वाटत नही. मनासंगे (माझ्यासोबत) दवाखानामा चाल.’

तुझी मावशी